वायरचा माऊस घ्यावा की वायरलेस? पानं लावणाऱ्याच्या टेबलावरून

माझं काम डीटीपीचं. पुस्तकांची पानं लावायची आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची. टेबलावरच्या कॉम्प्युटरला वायरचा माऊस आहे, बॅगेतल्या लॅपटॉपला वायरलेस, आणि दोन्ही रोज हाताखालून जातात. ओळखीतलं कुणी नवा माऊस घ्यायला निघालं की विचारतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. डीपीआय किती, बटणं किती हे खोक्यावर असतंच, त्यात शिरत नाही.

वायरलेस हळू चालतो ही भीती आधी काढून टाका. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी आपली हालचाल कॉम्प्युटरला कळवतो. बऱ्या कंपनीचा डोंगलवाला वायरलेस, म्हणजे यूएसबी पोर्टात लावायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा, यात मागे पडत नाही, आणि गेमिंगच्या माऊसमध्ये तर दोन्ही प्रकारांत सेकंदाला १००० वेळा ही सोय मिळते. पानावरच्या आखणीच्या रेषेला, म्हणजे गाईडलाइनला, मजकुराची चौकट भिडवताना मला तरी दोन्हींत फरक जाणवलेला नाही. ब्लूटूथवर चालणाऱ्या माऊसमध्ये कधीकधी किंचित जडपणा वाटतो, पण तो माझ्या लॅपटॉपचाही गुण असू शकेल.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. माऊसच्या झोपेवरून.

वायरलेस माऊस थोडा वेळ हलला नाही की सेल वाचवायला झोपतो. झोपला नाही तर सेल महिनोन्महिने टिकणारच नाहीत, त्यामुळे यात त्याची चूक काही नाही. ज्याचा हात सतत चालू असतो त्याला हे कळतही नाही. पण प्रूफ वाचताना माझा हात माऊसवर नुसता टेकलेला असतो आणि डोळे पानावर असतात. सुटलेला अनुस्वार, चुकीची वेलांटी, ओळीत एकटाच उरलेला परिच्छेदाचा शेवटचा शब्द, हे शोधत मी बराच वेळ खाली उतरत जातो. मग एक चूक दिसते. माऊस हलवतो, कर्सर जागचा हलत नाही. हात आपोआप आणखी पुढे सरकतो, बोट क्लिकवर पडतं, आणि नेमका त्याच क्षणी माऊस जागा होतो. कर्सरखाली मजकुराची चौकट असेल तर ती केसभर सरकते.

सरकली हे तेव्हा दिसत नाही, कारण अख्खं पान मावावं म्हणून स्क्रीनवर ते लहान करून ठेवलेलं असतं. दिसतं ते छापून आल्यावर. अंक उघडला की डाव्या आणि उजव्या पानाच्या ओळी एका रेषेत बसत नाहीत. वाचणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ते कळणार नाही, पण संपादकांना कळतं आणि मला तर पान उलटायच्या आधीच कळतं. चौकटी लॉक करून ठेवता येतात, मी ठेवतोही. पण दुरुस्त्या चालू असताना प्रत्येक चौकट कुलपात ठेवून काम पुढे सरकत नाही.

सगळे वायरलेस सारखे नसतात हेही सांगितलं पाहिजे. चांगले माऊस हात लागताच जागे होतात. स्वस्तातले काही क्लिक केल्याशिवाय उठतच नाहीत, आणि तेच धोक्याचं. अडचण अशी की दुकानात हे तपासता येत नाही. तिथे आपण माऊस हातात घेऊन हलवतच असतो, त्याला झोपायला वेळ कुठे मिळतो?

दुसरा त्रास मी निर्णायक मानत नाही, कारण त्याला उपाय आहे. यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टला बाहेरची हार्डडिस्क लावून मोठी फाइल कॉपी करायला घेतली की शेजारच्या पोर्टातला डोंगल अडखळायला लागतो आणि कर्सर उड्या मारत जातो. यूएसबी ३.० मधून डेटा जाताना होणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासही पसरतो, आणि डोंगल त्याच पट्ट्यात माऊसचं ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. छोट्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल हार्डडिस्कपासून लांब, माऊसच्या जवळ आणा; बहुतेक वेळा भागतं.

सेलचं म्हणाल तर रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे रिचार्जेबल घातल्यावर काही माऊस ‘बॅटरी कमी’चा दिवा जरा लवकरच दाखवतात. घाबरू नका. मात्र माऊस बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. गळालेल्या सेलचा पांढरा थर स्प्रिंगवर चढला की चांगला माऊस वाया जातो.

ऑफिसात बँकेची, हिशेबाची कामं असतील तर आणखी एक गोष्ट. २०१६ मध्ये ‘माऊसजॅक’ नावाची त्रुटी उघड झाली. काही नामांकित कंपन्यांच्या डोंगलना लांबून फसवून कॉम्प्युटरवर परस्पर टायपिंग करता येत होतं. नंतर दुरुस्त्या आल्या, पण जुना डोंगल वापरात असेल तर तो बदललेला बरा.

आता वायरच्या तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत. वायर टेबलाच्या मागच्या कडेला अडकते आणि हात पुढे गेला की माऊसला मागे ओढते. बारीक कामात ही ओढ चांगलीच जाणवते. मी माऊसपुढे दोन वीत वायर मोकळी सोडून बाकीची टेबलाला क्लिपने पकडून ठेवली आहे. ओढ जवळजवळ गेली. दुसरं दुखणं तोंडाशी, जिथे वायर माऊसमध्ये शिरते तिथे. आतली तार तुटते, वरून काहीच दिसत नाही, कर्सर मधूनच थांबतो आणि विंडोज यूएसबी निघाल्या-लागल्याचा आवाज करत राहतं. पण हे दुखणं चालू कामात लगेच कळतं, छापून आल्यावर नाही. माझ्यासाठी वजन इथे पडतं.

प्रवासात, मीटिंगमध्ये, प्रोजेक्टरसमोर उभं राहून बोलताना वायरलेसला पर्याय नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्याला मी वायरचा घ्या म्हणणार नाही. कॉलेजची मुलं, घरातला एकच लॅपटॉप इकडून तिकडे फिरवणारी मंडळी, यांनी खुशाल वायरलेस घ्यावा. फक्त खाली चालू-बंदचं बटण आणि पोटात डोंगल ठेवायची खाच आहे ना हे बघून घ्या.

पण टेबल ठरलेलं असेल आणि काम वाचत-थांबत करायचं असेल, म्हणजे प्रूफ, नकाशे, अकाउंट्स, ड्रॉइंग, तर माझा हात वायरच्या माऊसकडेच जाईल. त्याच पैशांत तो एक पायरी चांगला मिळतो. घेताना वायर बोटांत घेऊन वाकवून बघा. वाकवली तशीच राहिली तर तो ठेवून द्या, मऊ वायरचा मागा. आणि सीपीयू टेबलाखाली असेल तर निघण्याआधी घरी सुतळीने अंतर मोजून घ्या. मागच्या पोर्टापर्यंत वळसा घालून जाताना दीड मीटरची वायर पुष्कळदा अपुरी पडते.