एलिफंट बीचचे स्नॉर्केलिंग: प्रवाळ अप्रतिम, सेवेत सुधारणेला वाव

अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे गेलेले बहुतेक पर्यटक एलिफंट बीचची सहल करतातच. जेट्टीवरून स्पीडबोटीने थोड्याच वेळात तेथे पोहोचता येते आणि बोटीच्या भाड्यातच बहुधा स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क व श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाण्याखालचे पाहण्याची, एक छोटी फेरी धरलेली असते. पोहता न येणाऱ्यांनाही गाइड रबरी रिंगला धरून ओढत नेतो, त्यामुळे घरातील ज्येष्ठांनाही प्रवाळ पाहता येतात, ही या सेवेची मोठी जमेची बाजू आहे.

मात्र ही फेरी उथळ पाण्यातच आटोपते आणि तेथे तुटक्या, राखाडी फांद्यांचा खच अधिक दिसतो. २०१० साली समुद्र तापल्यामुळे अंदमानातील प्रवाळांचे मोठे विरंजन झाले होते. पाणी फार तापले की प्रवाळाच्या ऊतींत राहून त्याला अन्न व रंग देणारी सूक्ष्म शैवाले निघून जातात, आणि ती वेळेत परतली नाहीत तर पांढरा पडलेला जीव उपासमारीने मरतो. म्हणून थोडे अधिक पैसे मोजून लांबची फेरीच घ्यावी. तेथे पोपटमासा खडक खरवडताना होणारी करकर पाण्याखाली स्पष्ट ऐकू येते, आणि आपली सावली पडताच महाशिंपला आपली निळी-जांभळी कड आत ओढून घेतो.

खटकले ते गाइडचे वागणे. आमचा गाइड दम खाण्यासाठी चक्क जिवंत प्रवाळावर उभा राहिला आणि मासे जवळ यावेत म्हणून त्याने पावाचे तुकडे टाकले. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो. कायद्याने संरक्षित असलेल्या अशा जिवावर पाय ठेवू देणारी सेवा कितीही स्वस्त असली तरी मी तिची शिफारस करणार नाही. याउलट याच बेटाजवळच्या नेमो रीफ या प्रवाळ-खडकांवर डायव्हिंगसाठी मिळालेल्या प्रशिक्षकाने पाण्यात उतरण्यापूर्वीच ‘कशालाही हात लावायचा नाही’ असे बजावले आणि मास्क घट्ट बसल्याची खात्री स्वतः करून घेतली.

जाणाऱ्यांनी डिसेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा, ओहोटीची वेळ टाळावी, कारण तेव्हा गुडघे प्रवाळांना घासतात, आणि सनस्क्रीन थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा.