खोली एक, अ‍ॅडव्हान्स देणारे पाच

गडचिरोलीत एमए-एमएस्सीला प्रवेश घेऊन खोली शोधणाऱ्या पोरापोरींनी हे वाचावं आणि घरच्यांनाही वाचून दाखवावं. प्रवेशाच्या याद्या लागतात तेव्हा आपल्याकडे रोवणी ऐन भरात असते. मायबाप बांधीत, ट्रॅक्टर मिळेल त्या दिवशी चिखलणी उरकायची घाई. खोली बघायला पोरगा एकटाच एसटीत बसतो. फसवणाऱ्याला हे वेळापत्रक पाठ असतं.

2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं आणि सिरोंचा, एटापल्ली, भामरागडकडच्या पोरांना पुढच्या शिक्षणासाठी जवळचं ठिकाण मिळालं. जवळचं म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या मानानं. माझ्या गावाहून आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत यायला अख्खी सकाळ जाते. वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. मग शहरातल्या कॉम्प्लेक्स भागाकडे, चामोर्शी रोडला, धानोरा रोडला, नाही तर शहराला लागून असलेल्या गावांत खोल्या बघत फिरायचं.

अशाच एका गावात तो भेटला. गेटला पुठ्ठ्यावर ‘रूम भाड्याने देणे आहे’ आणि खाली मोबाईल नंबर. फोन केला तर लगेच मोटरसायकलवर हजर. खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. खोली स्लॅबची, ताजा पांढरा रंग मारलेली, खिडकीच्या वर पोपटी पट्टा. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

“काही टेन्शन घेऊ नको भाऊ. मालक आपले मामाजीच हायेत, नागपूरले रायतेत पोरापाशी. सगळा व्यवहार माह्याकडंच हाय.”

त्यानं मामाजींना स्पीकरवर फोनही लावला. पलीकडच्या माणसानं मायेनं विचारपूस केली, कोणता विषय घेतला, गाव कोणतं, दारू-बिरू तर नाही ना. भाडेकरूच्या चालचलणुकीची एवढी चौकशी करणारा माणूस खोटा असेल असं कोणाला वाटणार?

मग त्यानं खरा गळ टाकला. “स्वाधारचा फॉर्म भरतेस ना? त्याले भाडेकरार लागते. तो मी करून देतो, नोटरीसकट.” आम्ही तिघांनी मिळून खोली घ्यायचं ठरवलं होतं, आणि आमच्यातल्या दोघांचा सगळा हिशेब स्वाधारवरच होता, म्हणजे वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठीच्या सरकारी योजनेवर. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून शिकायला वर्षाला 43 हजार थेट खात्यात येतात, पण त्यासाठी राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याला हे माहीत आहे, तो करारनाम्याच्या नावावर पोरांकडून काहीही काढू शकतो. डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि ‘कागदाचा खर्च’ मिळून साडेनऊ हजार गेले. त्यातले काही तेंदूपत्त्याच्या हंगामात घरच्यांनी कमावलेले होते. थोडे रोख घेतले, थोडे फोनवरून. “आज देल्ले तं ठीक, नाही तं संध्याकाळी दुसरी पार्टी येऊन रायली.”

दुसरी पार्टी होतीच. सामान घेऊन पोहोचलो तर गेटवर चामोर्शीकडचा एक मुलगा ट्रंक आणि गादी घेऊन उभा. त्याच्याकडे त्याच खोलीचा करार. तेवढ्यात तिसरा आला. पुढे चौकशीत आणखी दोन ग्रुप निघाले. दाराला नवंच कुलूप होतं.

शेजारच्या काकूंनी खऱ्या मालकांना फोन लावून दिला. ते निवृत्त गुरुजी, नागपूरला राहतात एवढंच त्यानं खरं सांगितलं होतं. भाचा वगैरे कोणी नाही. रंगकामासाठी म्हणून गुरुजींनी किल्ली दिली होती, ती ह्यानं परत करण्याआधी हा धंदा केला. म्हणून रंग ताजा होता!

ठाण्यात आधी ‘हा दिवाणी मामला आहे, आपसात बघा’ असं ऐकावं लागलं. एकेकटे गेलो असतो तर तिथूनच परतलो असतो. पाचही ग्रुपचे मिळून गेलो, एकाच खोलीचे पाच करार टेबलावर मांडले, तेव्हा तक्रार घेतली. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, हे तोंडपाठ असू द्या. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पण उशीर झाला होता. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते.

आता कामाचं. लाईट बिल मागा. महावितरणच्या बिलावर ग्राहकाचं नाव असतं. गाव ग्रामपंचायतीत असेल तर घराचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीची नोंद, बघा. तो बघायला दिला नाही तर गल्लीतल्या किराणा दुकानात विचारा, घर कोणाचं ते त्यांना बरोबर माहीत असतं. फोनवरून पैसे टाकताना पिनच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. आमच्या वेळी तिथं भलत्याच माणसाचं नाव आलं होतं आणि त्यानं “ते दुकानाचं खातं हाय” म्हणून उडवून लावलं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं दहा जण सांगतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. पैशाची पावती देणंही मालकाला बंधनकारक आहे.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. पण खोलीचे फोटो अजून फिरतात, मागच्या आठवड्यात ब्रह्मपुरीच्या एका मुलीला तेच आले. पांढरी भिंत, खिडकीच्या वर पोपटी पट्टा दिसला तर पैसे टाकू नका. गुरुजींनी ती खोली रीतसर नोंदणी करून आम्हा तिघांना दिली आहे आणि आम्ही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथंच आहोत.