रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड, नॅशव्हिल: कडक इस्त्री आणि चार तासांची पाळी

सांगलीत माझं शिलाईचं दुकान एकतीस वर्षं चाललं. ब्लाउज-फ्रॉकवर घर चाललं, पण जीव लावून केलेलं काम म्हणजे नाटक मंडळींचं आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचं. आमचे हे ऑर्केस्ट्रात आधी हार्मोनियम, मग कीबोर्ड वाजवायचे, त्यामुळे अर्धा कपडेपट आमच्याच माळ्यावर असायचा. इतक्या वर्षांच्या सवयीने कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की माझी नजर आधी कॉलरवर आणि बाहीवर जाते, गाणं त्यानंतर कानात शिरतं. यंदा मुलाकडे अमेरिकेत नॅशव्हिलला तीन महिने राहायला आलो आहोत. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड या गाण्याच्या बारमध्ये आतापर्यंत चार वेळा जाऊन आले. तिथे वाजवणाऱ्या माणसांनी मला जे दाखवलं, ते आपल्याकडच्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्या पोरांपर्यंत पोचावं, म्हणून लिहिते आहे.

जागा आधी सांगते. ब्रॉडवेच्या खालच्या टोकाला ओळीने गाण्याचे बार आहेत. सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत प्रत्येकात कुणी ना कुणी वाजवत असतं, आणि सगळ्यांचे आवाज रस्त्यावर येऊन एकमेकांत मिसळतात. रॉबर्ट्स त्यातलं अरुंद, लांबट, जुनं दुकान. दुकान म्हणते कारण ते खरंच दुकान होतं: इथे काउबॉय बूट आणि कपडे विकले जायचे. आजही भिंतीवरच्या फळ्यांवर बुटांच्या रांगा आहेत. त्याआधी याच इमारतीत शो-बड कंपनीच्या स्टील गिटार (आडव्या ठेवून, तारांवर धातूची कांब सरकवून वाजवायच्या) बनायच्या. मागच्या दाराने बाहेर पडलं की बोळ, आणि बोळापलीकडे रायमन ऑडिटोरियम. ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री म्युझिकचा, म्हणजे इथल्या गावाकडच्या वळणाच्या गाण्याचा, रेडिओवरचा कार्यक्रम १९४३ ते १९७४ तिथूनच व्हायचा. रॉबर्ट्सचे आजचे मालक जेसी ली जोन्स मूळचे ब्राझीलचे. १९९९ पासून जागा त्यांच्याकडे आहे आणि त्यांचा स्वतःचा ब्राझिलबिली नावाचा बँड इथे वाजतो. बाहेरून आलेल्या माणसाने इथलं जुनं गाणं इतकं जपलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिकीट नाही. आत जायचं, जागा मिळेल तिथे बसायचं. मांस खाणाऱ्यांसाठी ‘रिसेशन स्पेशल’ म्हणून स्वस्तातलं ताट आहे: तळलेल्या बोलोनीचं (मांसाच्या सॉसेजचं) सँडविच, चिप्स, मून पाय आणि बिअर. आम्ही शाकाहारी, आम्ही फ्राइज घेतल्या. गरम होत्या, मीठ बेताचं होतं. मून पाय म्हणजे दोन बिस्किटांमध्ये मार्शमेलो भरून वरून चॉकलेट. मुलाच्या ताटातला तो नातीने उचलला. तवा बारच्या मागेच असल्यामुळे कपड्यांना तळणाचा वास लागतो, तेव्हा चांगली सिल्कची साडी नेसून जाऊ नका. खाण्याचं एवढंच.

आता ज्यासाठी गेले ते. पहिल्यांदा गेलो तो बुधवार होता, दुपारची वेळ. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. असा रिकामा हॉल बघितला की आपल्याकडे कलाकार मनातून ढिला पडतो, हे मी कितीदा पाहिलंय. इथे पाच जण स्टेजवर उभे, आणि पाचही जण लग्नाला निघाल्यासारखे तयार. गाणाऱ्याच्या अंगावर निळसर करड्या रंगाचा शर्ट, खांद्यावर टोकदार योक (खांद्याला जोडलेला वेगळा तुकडा), त्याच्या कडेने पांढरी पायपिंग (बारीक गोट). खिसा वरून लावलेला नाही, छातीवर हसऱ्या ओठासारखी वळलेली चीर, आणि तिच्या दोन्ही टोकांना रेशमाने भरलेला बाणाचा छोटा त्रिकोण. तो त्रिकोण शोभेचा वाटतो, पण कामाचा आहे. खिसा नेमका टोकाशी उसवतो, आणि तिथेच तो टाका त्याला धरून ठेवतो. पँटची क्रीज कमरेपासून बुटापर्यंत सरळ. बूट जुने होते, टाचा झिजलेल्या होत्या, पण पॉलिश त्याच दिवशीचं होतं.

या शर्टांना काज-बटण नसतं, मोत्यासारखी दिसणारी टिचबटणं असतात. सुनेने कारण सांगितलं: घोड्यावर असताना शर्ट खोगिराला किंवा जनावराच्या शिंगाला अडकला, तर बटण पटकन सुटावं, माणूस ओढला जाऊ नये. डेन्व्हरच्या रॉकमाउंट कंपनीच्या जॅक वाइल यांनी असे शर्ट पुढे आणले. ते १०७ वर्षं जगले, आणि अखेरपर्यंत दुकानात जात होते. हे ऐकल्यावर मला त्या शर्टाबद्दल जास्तच आपुलकी वाटली.

रॉबर्ट्सपासून चालत दहा-एक मिनिटांवर कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम हे संग्रहालय आहे. तिथे काचेमागे जुन्या गायकांचे पोशाख आहेत. मी एकेका कोटासमोर इतका वेळ थांबले की नात कंटाळून खाली बसली. त्यातले पुष्कळ नूडी कोन नावाच्या शिंप्याचे. हा माणूस १९०२ मध्ये कीव्हमध्ये जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला, सुरुवातीला नाचणाऱ्या बायकांचे पोशाख शिवायचा आणि पुढे नॉर्थ हॉलिवूडमध्ये त्याने काउबॉय कपड्यांचं दुकान टाकलं. कोटावर चाकं, निवडुंग, सुरांची चिन्हं, सगळं साखळी टाक्यात भरलेलं आणि त्यावर चमकते खडे. एल्विस प्रेस्लीचा सोनेरी सूटही त्याच्याच दुकानातला. पोर्टर वॅगनर या गायकाच्या कोटाच्या अस्तरावर मोठ्या अक्षरात ‘हाय’ असं लिहिलेलं असायचं. कुणी फोटो काढताना दिसलं की तो कोट उघडून दाखवायचा. अस्तरावर काम करणारा शिंपी आणि ते गिऱ्हाईक, दोघांनाही माझा नमस्कार. आपल्याकडे अस्तर म्हटलं की लोक उरलेलं कापड पुढे करतात.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली, ती मनातून जात नाही. ऑप्री १९२५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या फोटोंत वाजवणारे लोक सूट-टायमध्ये आहेत, गावातल्या सभ्य माणसासारखे. डॉ. हम्फ्री बेट तर पदवीधर डॉक्टर होते, हार्मोनिका वाजवायचे. पण कार्यक्रमाचे कर्ते जॉर्ज हे (‘हे’ त्यांचं आडनाव) यांना डोंगरातले अडाणी शेतकरी दाखवायचे होते. मग बँडना तशी नावं मिळाली आणि पुढच्या फोटोंत तीच माणसं ओव्हरऑल, म्हणजे शेतात घालायची छातीपर्यंतची पँट, घालून उभी! दुसऱ्याने आपल्याला काय दिसायचं ते ठरवलं की असं होतं. मला वाटतं, पुढे हेच लोक खड्यांचे, झगमगीत कोट घालायला लागले त्यामागे हाही राग असणार. हे माझं मत आहे, पण पोशाख माणसाची पत कशी बदलतो ते मी शिवणयंत्रावर बसून बघितलंय. बालगंधर्वांनी पैठण्या आणि शालूंवर पैसा ओतला, तो काही उगीच नाही. प्रेक्षकाला बोलावलंय तर त्याच्यासमोर उंची वस्त्रातच जायचं, असा तो हिशोब होता.

परत रॉबर्ट्सकडे येते. इथल्या बारांमध्ये पाळी असते, साधारण चार तासांची, आणि त्यात धड विश्रांती नाही. आमच्या ह्यांनी घड्याळ लावून पाहिलं: दोन गाण्यांमध्ये दहा सेकंदही जात नव्हती. एक संपतंय तोवर गाणारा पुढच्या गाण्याची पट्टी मागच्यांना सांगून मोकळा. एकदा बास वाजवणाऱ्याला गाणं माहीत नव्हतं. गाणाऱ्याने पाठीमागे हात नेऊन बोटं दाखवली, चार, मग पाच, मग परत चार, आणि तो माणूस न चुकता वाजवत गेला. “अगं, हे तर आपलं सरगम झालं,” हे म्हणाले. “पट्टी काळी एक असो नाहीतर पांढरी चार, सा तो सा. यांनी त्याला एक म्हटलंय.” मुलाने सांगितलं की याला नॅशव्हिल नंबर सिस्टिम म्हणतात. जॉर्डनेअर्स या गायक-चौकडीतल्या नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला ती बसवली आणि हार्मोनिका वाजवणाऱ्या चार्ली मकॉय यांनी ती स्टुडिओत पसरवली. कलाकाराने तयारीने यायचं म्हणजे काय, ते त्या बोटांत दिसलं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही की मागे कुणाला गाणं येत नव्हतं.

पैशांचं सांगितलं पाहिजे. या रस्त्यावरच्या वाजवणाऱ्यांची कमाई मोठ्या प्रमाणात टिपांवर असते. मधूनच बँडमधलंच कुणीतरी बादली घेऊन खुर्च्यांमधून फिरतं. मला आधी अवघडल्यासारखं झालं. तमाशातली दौलतजादा मी पाहिलीय. नोट देणाऱ्याच्या डोळ्यात काय असतं तेही पाहिलंय. पण इथे बादली घेऊन आलेल्या मुलीने हॅट छातीशी धरली, आम्ही कुठून आलो ते विचारलं, सांगली हे नाव दोनदा म्हणून घेतलं, आणि आम्ही पैसे टाकायच्या आधीच आभार मानले. पुढच्या टेबलावर कुणी काही टाकलं नाही, तिथेही तेवढंच हसून बोलली. तिचा शर्ट खोचलेला, केस बांधलेले, मान ताठ. अशा माणसासमोर आपण नोट फेकत नाही, हातात देतो. आम्ही पाच जणांत मिळून वीस डॉलर टाकले. तुम्ही जाल तेव्हा सुटे घेऊन जा, आणि तासभर बसलात तर टाकल्याशिवाय उठू नका. तिकीट नाही याचा अर्थ गाणं फुकट आहे असा नाही.

याच रस्त्यावर दुसऱ्या एका ठिकाणीही गेलो होतो, नाव लिहीत नाही. वाजवणारे बोटांनी तयारच होते, यांनी तर गिटारवाल्याला मनापासून दाद दिली. पण अंगात चुरगळलेले टी-शर्ट, एकाच्या डोक्यावर उलटी टोपी, गाणारा दोन गाण्यांच्या मध्ये फोन बघतोय, आणि टिप कमी पडली म्हणून माइकवरून लोकांना टोमणे. वीस मिनिटांत उठलो. माझा राग त्या पोरांवर फारसा नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे एका तालुक्याच्या गावी कार्यक्रम होता. गाडी बिघडली, मंडळी ऐन वेळेला पोचली, आणि आयोजकांनी कपडे बदलायला खोलीसुद्धा दिली नाही. मी तांब्यात निखारे भरून सहा शर्टांना इस्त्री केली, गाडीच्या मागे चादर धरून पोरांनी कपडे घातले. कार्यक्रम संपल्यावर जेवण सगळ्यांच्या शेवटी, बिदागीतही कपात. पण त्या रात्री स्टेजवर सहाही जण एकसारखे, नीटनेटके उभे होते, आणि त्याचं समाधान मला अजून आहे.

तिसऱ्या खेपेला रॉबर्ट्समध्ये स्टेजच्या अगदी कडेला जागा मिळाली. पाळी बदलायची वेळ. पुढचा बँड पेट्या घेऊन गर्दीतून वाट काढत आला, आधीचे उतरले, कुणी कुणाला अडवलं नाही. फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या, सत्तरीच्या आसपासच्या गृहस्थांनी आमच्या टेबलाशेजारी पेटी उघडली. राळेचा तुकडा, तारांची पाकिटं, मऊ कापड, आणि झाकणाच्या कप्प्यात काड्यापेटीएवढा डबा. त्यात दोन सुया, काळा दोरा, पांढरा दोरा आणि सुटी टिचबटणं. त्यांच्या उजव्या बाहीला काखेत शिवण थोडी उसवली होती, गज ओढून ओढून तिथे ताण येतोच. उभ्या उभ्या सुई ओवायला लागले. मी सुनेला म्हटलं, सांग त्यांना, मला द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोट काढून दिला. आतून शिवण उघडून पाहिली तर तिथे याआधीही तीन वेळा तरी शिवलेलं होतं, बारीक, स्वच्छ टाक्यांनी, त्यांच्याच हाताने. मी दुहेरी दोऱ्याने उलटी टीप घातली आणि खुणेने सांगितलं की काखेत चार बोटांचा जास्तीचा तुकडा लावून घ्या, मग उसवणार नाही. ढोलकीवाल्यांच्या झब्ब्यांना मी तसाच लावायचे. त्यांनी कोट घातला, हात वर-खाली करून पाहिला, आणि जायच्या आधी हॅट काढून आमच्या ह्यांच्याशीही हात मिळवला. पैसे विचारले नाहीत, ते बरं केलं.

उणं काय तर जागा फार दाटीची. शनिवारी रात्री गेलो तेव्हा उभं राहायलाही नीट मिळालं नाही, गुडघेदुखी असलेल्यांनी त्या वेळी जाऊ नये. आवाज मोठा असतो, नातीच्या कानात आम्ही कापूस घातला. लहान मुलं असतील तर दुपारीच जा. गाणी बहुतेक जुनी, दुःखाची आणि दारूची, शब्द सगळे कळत नाहीत, पण स्टील गिटारचा स्वर ओढत नेला की आपल्या मींडेसारखं काहीतरी होतं आणि भाषेचं अडत नाही.

रविवारी सकाळी साडेदहाला इथे चर्चची गाणी असतात, ती अजून ऐकायची राहिली आहेत. फिडलवाले आजोबा त्या दिवशी असतील की नाही माहीत नाही. मी मात्र इरकल काढून इस्त्री करून ठेवली आहे, आणि आमच्या ह्यांचा पांढरा शर्टही.