एहाइम क्लासिक ३५०: ट्रे नसलेला फिल्टर आणि त्यातील मीडियाची मांडणी

एहाइम या जर्मन कंपनीचा क्लासिक ३५० हा कॅनिस्टर फिल्टर (मत्स्यटँकचे पाणी गाळणारा, टँकबाहेर ठेवायचा बंद डबा), ज्याला जुने मत्स्यपालक २२१५ या क्रमांकाने ओळखतात, आजच्या फिल्टरांच्या शेजारी ठेवला तर जुन्या वळणाचा दिसतो. त्यात मीडिया, म्हणजे पाणी गाळणारे साहित्य, ठेवायचे ट्रे नाहीत आणि सुरुवातीला पाणी ओढून घेणारे बटणही नाही. एक उभा डबा, त्यात वर-खाली जाळ्या आणि माथ्यावर पंप, एवढाच त्याचा पसारा आहे. तरीही गोड्या पाण्याच्या चार फुटी टँकसाठी मी हाच फिल्टर सुचवेन, आणि त्यात ट्रे नाहीत हेच त्याचे मुख्य कारण आहे.

ट्रेच्या फिल्टरमध्ये कडेला फट राहिली किंवा स्पंज गाळाने गच्च झाला, की पाणी मीडियाला वळसा घालून निघून जाते आणि बाहेरून पाहणाऱ्याला प्रवाह ठीकच दिसतो. क्लासिकमध्ये पाणी तळाशी शिरते आणि मीडियाच्या सलग थरातून वर चढत पंपापर्यंत पोहोचते. त्यामुळे येथे सारा भार थरांच्या क्रमावर येतो, आणि नेमकी तिथेच अनेकांची गफलत होते. टँकच्या माथ्यावर बसणाऱ्या टॉप फिल्टरमध्ये पाणी वरून खाली येत असल्याने त्याची सवय झालेले लोक भरड थर वर आणि बारीक थर खाली ठेवतात. या डब्यात तसे केल्यास बारीक पॅडवर विष्ठा आणि उरलेले खाद्य सर्वांत आधी येऊन आदळते व प्रवाह लवकर मंदावतो.

योग्य मांडणी अशी: तळाशी पोकळ सिरॅमिक रिंग, ज्या मोठा कचरा अडवतात आणि पाणी सगळीकडे सारखे पसरवतात, त्यावर निळा भरड पॅड, मग डब्याचा सर्वांत मोठा भाग व्यापणारा सबस्ट्राट नावाचा सच्छिद्र मीडिया, आणि पंपाच्या अगदी खाली बारीक पांढरा पॅड. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू मुख्यतः सबस्ट्राटवर वस्ती करतात, म्हणून तिथवर पोहोचणारे पाणी आधीच गाळलेले असावे लागते. नवा मीडिया भरण्यापूर्वी त्याची धूळ निघेपर्यंत धुवावा, आणि पॅड दाबून कोंबू नयेत. ॲक्टिव्हेटेड कार्बनला मी कायमची जागा देत नाही. औषधोपचार संपल्यावर पाण्यातील औषध काढण्यापुरता तो घालावा आणि काढून टाकावा.

देखभालीत या फिल्टरची नळ असलेली जोडणी फार उपयोगी पडते, कारण नळ्या टँकमध्येच ठेवून डबा तेवढा उचलता येतो. मीडिया टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन याच जीवाणूंना मारते. रिंग आणि निळा पॅड नीट धुवावेत, सबस्ट्राट मात्र हलकेच बुडवून काढावा आणि तोही एका वेळी अर्धाच. पांढरा पॅड बिनदिक्कत बदलावा. हे सारे कधी करायचे, ते तारखेवरून न ठरवता परतीच्या पाण्याचा जोर पाहून ठरवावे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. पाणी सुरू करण्यासाठी नळीतून ओढावे लागते, आणि ज्यांना हे जमत नाही त्यांनी दुसरा फिल्टर पाहावा. पंपाची क्षमता ताशी ६२० लिटर आहे; ४ × १.५ × १.५ फुटांच्या, म्हणजे सुमारे २५५ लिटरच्या टँकमध्ये हा वेग तासाला अडीच फेऱ्यांचाच होतो, आणि मीडिया भरल्यावर आणखी घटतो. टेट्रा, गुरामी किंवा मोजक्या एंजलफिशला तो पुरतो. गोल्डफिशची विष्ठा फार असते, त्यामुळे त्यांच्यासाठी जोडीला स्पंज फिल्टर हवाच. वीज मात्र १५ वॅटच लागते, म्हणजे महिन्याला साधारण ११ युनिट.

आपल्याकडे वीज जाते, आणि बंद डब्याच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. प्रवाह थांबला की आतले जीवाणू उरलेला प्राणवायू संपवतात आणि मरू लागतात. वीज काही तास गेली असेल, तर पंप सुरू करण्याआधी डबा उघडून आतले पाणी ओतून द्यावे, मीडिया टँकच्या पाण्यात हलवून घ्यावा, आणि पुढचे काही दिवस अमोनिया तपासत खाद्य कमी ठेवावे.