फायरवॉलमधलंच वाय-फाय की वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात खाली ऑफिस, वर क्लास. अशा जागेत हा प्रश्न हमखास येतो.

वाय-फायवाला फायरवॉल (ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधली ये-जा तपासणारं यंत्र) स्वस्त पडतो. एकच डबा, एकच अ‍ॅडॉप्टर. पण तो बसतो रॅकच्या पत्र्यात आणि वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय सिग्नलचा जीव जातो. वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पुरवणारा डबा) जिन्याच्या छताला लावता येतो. पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारा) असला की १०० मीटरपर्यंत एकाच केबलवर वीज आणि डेटा.

सेटिंगची मेहनत मात्र उलटी. फायरवॉलच्या आतल्या वाय-फायला पाहुण्यांचं नेटवर्क वेगळ्या सबनेटवर, म्हणजे आयपी पत्त्यांच्या वेगळ्या गटावर (समजा १९२.१६८.२०.०/२४) टाका, डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) चालू करा, इंटरनेटकडे परवानगी, ऑफिसच्या लॅनकडे (आतल्या नेटवर्ककडे) मनाई, झालं. वेगळ्या पॉइंटला हे सगळं करून शिवाय व्हीलॅन २० (त्याच केबलवरून वेगळं चालणारं पाहुण्यांचं नेटवर्क, २० हा त्याचा क्रमांक) फायरवॉलवर आणि स्विचच्या दोन्ही पोर्टांवर (फायरवॉलकडच्या आणि पॉइंटकडच्या) टॅग करावं लागतं. एक टॅग राहिला की मोबाइलला आयपीच मिळत नाही आणि लोक बिचाऱ्या पासवर्डला दोष देतात. पॉइंट राउटर मोडमध्ये राहिला तर डबल नॅट, म्हणजे आयपी पत्त्यांची अदलाबदल दोनदा. ब्रिज मोडच ठेवा, म्हणजे पत्ते फायरवॉलच देईल.

एका खोलीत पाच-सात माणसं असतील तर आतलं वाय-फाय पुरे. दोन मजले किंवा क्लासची पोरं असतील तर वेगळाच पॉइंट घ्या. पुढे वाय-फाय बदलायचं झालं तरी फायरवॉलला हात लावावा लागत नाही.