सिस्टिमडीच्या पुढचं अधिकचं चिन्ह आणि माझे ६१,७१० रुपये

चौदा वर्षं मी फळ्यावर एकच वाक्य लिहितोय: प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. पोरं ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात, दोन मार्क मिळवतात. आणि माझ्याच क्लासच्या मागच्या खोलीत सहा महिने अकरा दिवस दुसऱ्याचा प्रोग्रॅम माझ्या विजेवर चालत होता आणि तो कोणाचा, हे मी एकदाही विचारलं नाही. हे लिहिताना कान गरम होताहेत, पण लिहिणार. कारण तो माणूस अजून इथेच बाइकवर फिरतो आणि क्लासपुढून जाताना मला हात करतो.

गावाचं नाव टाकत नाही. खान्देशातलं तालुक्याचं गाव समजा. माझा कॉम्प्युटर क्लास आहे, वर अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, बँक अशा सराव परीक्षा मी २२ मशिनवर घेतो आणि त्या एका सर्व्हरवरून चालतात. सर्व्हर म्हणजे काय, असेम्बल केलेला डबा, चार कोअरचा, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. लायसन्सचे पैसे लागत नाहीत म्हणून ते घेतलं. मला विंडोज येतं, एक्सेल येतं, टॅली येतं. लिनक्स जेमतेम. म्हणून देखभालीला माणूस ठेवला. वर्षाचे १२,००० रुपये, आगाऊ. १९ ऑक्टोबर २०२४ ला तो पहिल्यांदा आला, दोन तास बसला, चहा घेतला, शेव घेतली, "सर, आता टेन्शन नाही" म्हणाला आणि गेला.

टेन्शन त्याच दिवशी सुरू झालं.

नोव्हेंबरात परीक्षा अडकायला लागल्या. म्हणे रॅम कमी पडते. ८ ची १६ केली, ४,२०० रुपये. जानेवारीत पुन्हा तेच. म्हणे व्हायरस आहे. साफसफाई ६,५०० रुपये. फेब्रुवारीत एका रविवारी सराव परीक्षा अर्ध्यात बंद पडली, ३१ पोरांना प्रत्येकी १५० परत दिले, म्हणजे ४,६५०. मार्चमध्ये डबा तापून स्वतःच बंद व्हायला लागला, तर म्हणे खोलीला एसी लागेल. जुना एसी त्यानेच आणून दिला, १४,०००. इकडे मार्चपासूनच ऊन चढतं, त्यामुळे मलाही पटलं. विजेचं बिल दर महिन्याला फुगत होतं. जास्तीचे झाले ११,३६०. आणि एप्रिलमध्ये "सिक्युरिटी पॅकेज", ९,००० रुपये. ते पॅकेज म्हणजे नक्की काय, हे मला आजही सांगता येणार नाही. बेरीज करा. मी रोज रात्री करतो.

आता ती रात्र.

एप्रिलचा पहिला आठवडा. आम्ही सगळे गच्चीवर झोपलेलो. अडीचच्या सुमारास लाइट गेली. गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प झाले, इतकं शांत की लांबच्या रेल्वेचा आवाज आला. आणि त्या शांततेत खालून, कुलूप लावलेल्या क्लासमधून, पंख्याचा आवाज येत होता. यूपीएसवर सर्व्हर चालू होता आणि त्याचा पंखा भुतासारखा ओरडत होता. अडीच वाजता. क्लासमध्ये एकही पोरगं नाही, एकही मशीन चालू नाही, तर हा डबा कोणाचं काम करतोय?

हा प्रश्न मला पडला होता. हे मुद्दाम सांगतो. मी अगदीच माठ नव्हतो.

खाली गेलो. डब्याच्या पत्र्यावर हात ठेवला तर तव्यासारखा चटका बसला. कोणती प्रोसेस किती सीपीयू खाते ते दाखवणारी "टॉप" ही कमांड मला येत होती, ती दिली. सगळ्यात वरची ओळ: सीपीयू ३९७. एका कोअरचे १०० टक्के, चार कोअरचा जास्तीत जास्त ४००, म्हणजे पूर्ण डबा एकच प्रोसेस खात होती. नाव केवर्कर. आणि यूझरच्या, म्हणजे प्रोसेस ज्याच्या खात्यावर चालते त्याच्या, कॉलममध्ये "सिस्टिमडी+". खाली आणखी दोन ओळी होत्या, त्यांच्याही पुढे "सिस्टिमडी+" असंच होतं, सीपीयू शून्य. मी म्हटलं, सिस्टिमचंच काहीतरी असेल.

सकाळी देखभालवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, सिस्टिमडी म्हणजे सिस्टिम. त्याला हात लावला तर डबा परत बूट होणार नाही." मी काय केलं? मी स्वतःच्या हाताने, मार्करने, कागदावर लिहिलं: "सिस्टिम प्रोसेस. बंद करू नये." आणि तो कागद मॉनिटरला चिकटवला. चोराच्या घराला मीच पाटी लावली.

त्या अधिकच्या चिन्हाकडे मी बघितलं आणि पुढे गेलो. एक्सेलमध्ये आकड्याऐवजी ##### दिसलं की मी पोरांवर ओरडतो, "अरे, कॉलम अरुंद आहे, ओढ ना!" इथेही तेच होतं. नाव मोठं आहे, कॉलममध्ये मावत नाही, म्हणून पुढचं कापून अधिक लावलंय. खरे यूझर होते सिस्टिमडी-रिझॉल्व्ह आणि सिस्टिमडी-टाइमसिंक, ते उबुंटूचे स्वतःचे (सिस्टिमडी म्हणजे त्यातल्या सर्व्हिस सांभाळणारा भाग). तिसरा होता सिस्टिमडी-बॅकअप, तो उबुंटूचा नाही, या देखभालवाल्याचा. कापल्यावर तिघेही सारखेच दिसतात. त्याने नाव निवडतानाच हा हिशोब केला होता. माझी बाजू एवढीच: कापलेलं नाव बघून फसणारा मी काही एकटा नसणार. पण कॉलम ओढायला मी शिकवतो, हेही खरं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी आली, ३० एप्रिलला. खापरावरचे मांडे, आमरस, झोका, सगळं झालं. भाची इंजिनिअरिंगला आहे. दुपारी उकाड्याने ती क्लासमध्ये येऊन बसली, एसी तिथेच आहे ना, १४ हजारांचा. कागद वाचून म्हणाली, "मामा, हे कोणी लिहिलं?"

मी गप्प.

तिने चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडला यूझरचा कॉलम ३२ अक्षरांचा द्यायला सांगितला. तशी सोय आहे, "यूझर" पुढे कोलन (:) आणि ३२. पूर्ण नाव आलं. मग आयडी क्रमांक बघितला: १००२. खऱ्या दोघांचे क्रमांक हजाराच्या आत. उबुंटूत माणसाच्या हाताने साधं खातं उघडलं की क्रमांक १००० पासून पुढे जातो. मी १०००, क्लासचा ऑपरेटर १००१. भाची माझ्याकडे बघून अहिराणीत म्हणाली, "मामा, हाऊ कोन शे?"

केवर्कर हे नावही सोंग. खरा केवर्कर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा असतो, रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या नावावर चालतो आणि त्याच्या बापाचा, म्हणजे त्याला जन्म देणाऱ्या प्रोसेसचा, क्रमांक २ असतो. ज्या केवर्करच्या पुढे रूट सोडून दुसऱ्या कोणाचं नाव दिसेल, तो बहुरूपी समजा.

कोण लॉगिन आहे ते सांगणारी "हू" कमांड दिली तर लॉगिन फक्त माझं. म्हणजे तो माणूस आत बसलेला नाही आणि प्रोसेस तर त्याच्या नावावर चालू. मी रागात किल दिलं, म्हणजे प्रोसेस मारायची कमांड. दहा सेकंदांत तीच प्रोसेस नव्या क्रमांकाने हजर. पुन्हा किल, पुन्हा हजर. भाची म्हणाली, थांबा, आधी ती कोणत्या घरातून येते ते बघू. तिने सिस्टिमसीटीएल स्टेटस आणि पुढे प्रोसेसचा क्रमांक दिला. मला वाटायचं तिथे सर्व्हिसचं नावच द्यावं लागतं. क्रमांक दिला की ती प्रोसेस कोणत्या युनिटची आहे, ते उलट शोधून दाखवतं. कोणी लॉगिन करून चालवली असती तर तिथे सेशन आणि त्याचा नंबर दिसला असता. सिस्टिमची असती तर सिस्टिम स्लाइसखाली सर्व्हिसचं नाव आलं असतं. इथे आलं यूझर ॲट १००२, आणि त्याच्या पोटात एक छोटी सर्व्हिस, मेली की परत उठ असं सांगून ठेवलेली. मी पोरगा मारत होतो, बाप जिवंत होता.

आणि लॉगिन नसताना यूझरची सर्व्हिस कशी चालते? तर "लिंगर" नावाची सोय आहे. ती चालू केली की मशीन सुरू होताच त्या यूझरचा कारभार सुरू होतो, तो येवो न येवो. व्हार, लिब, सिस्टिमडी, लिंगर या फोल्डरात ज्यांना ही सवलत आहे त्यांच्या नावाची रिकामी फाइल असते. माझ्याकडे एकच फाइल होती. तारीख: १९ ऑक्टोबर. चहा घेतला, शेव घेतली, तो दिवस.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर ते फोल्डर आजच उघडून बघा. दोन मिनिटं लागतात.

प्रॉक फोल्डरात प्रोसेसच्या क्रमांकाखाली एक्झी नावाची लिंक असते, तिने खरा प्रोग्रॅम कुठे आहे ते दाखवलं: त्या यूझरच्या होममध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात. मोनेरो नावाचं क्रिप्टो खोदणारा, म्हणजे मशीनला सतत गणितं करायला लावून ती डिजिटल नाणी मिळवणारा प्रोग्रॅम. सोबतच्या फाइलमध्ये पूलचा, म्हणजे मिळून खोदणाऱ्यांच्या सर्व्हरचा पत्ता आणि नाणी जमा होणारं वॉलेट. भाची म्हणाली, हा प्रोग्रॅम नीट चालायला दोन जीबीच्या वर मेमरी घेतो. म्हणजे रॅम खरंच कमी पडत होती. त्याच्या कामाला. आणि ती मी विकत घेऊन दिली.

असल्या डब्यावर खोदून त्याला दिवसाला चहाचे पैसेही सुटले नसतील. कमाई त्यात नव्हतीच. डबा आजारी पाडायचा आणि औषधाचं बिल मला लावायचं, ही कमाई होती.

इथे मी दुसरी चूक केली, ती तुम्ही करू नका. भाची फोटो काढतेय तोवर मी डोक्यात राख घालून तो यूझर होम फोल्डरासकट उडवला. पुरावा माझ्याच हाताने गेला. प्रोसेस चालू असताना तीच एक्झी कॉपी करून ठेवता येते, मूळ फाइल खोडली असली तरी. हे मला नंतर कळलं. आधी कॉपी, तारखांसह फोटो, मग सर्व्हिस बंद, लिंगर बंद, खात्याला कुलूप. खोडायचं नाहीच. माझ्याकडे उरले भाचीच्या मोबाइलमधले सात फोटो.

ते घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, "तक्रार काय?" म्हटलं, माझ्या सर्व्हरवर परक्याची प्रोसेस चालू होती. म्हणाले, "प्रोसेस? कोणत्या कोर्टाची?" त्यांच्यालेखी प्रोसेस म्हणजे समन्स. मी समजावलं. मग ओटीपी कोणाला दिला ते विचारलं. दिला नाही. लिंकवर क्लिक केलं? नाही. खात्यातून पैसे गेले? गेले, पण मीच दिले, बिलं घेऊन. "मग फसवणूक कुठे झाली, सर?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तिथे व्यवहाराचा क्रमांक मागितला. ११,३६० रुपये विजेच्या बिलातून गेले, त्याचा व्यवहार क्रमांक कुठून आणू? वीज कार्यालयात गेलो तर मीटर तपासून घ्या म्हणाले, त्याची फी वेगळी. मीटर बरोबर आहे, माणूस चोर आहे, हे त्यांच्या कोणत्याच अर्जात बसत नाही.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. एसटीने दोन फेऱ्या, दोन दिवस क्लास बंद. पहिल्या फेरीत साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या फेरीत म्हणाले, मशीन जमा करा, तपासणीला जाईल. परत कधी? त्याचं उत्तर नाही. सर्व्हर दिला तर पोरांच्या परीक्षा कशावर घेऊ? दिला नाही तर पुरावा नाही. आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ मी वाचून गेलो होतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असलं काही करणं त्यात बसतं. तर म्हणाले, परवानगी तुम्हीच दिली होती ना देखभालीची? शिवाय या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे कलम ७८ मीच त्यांना दाखवलं. त्यावर ठाण्यातले म्हणाले, मग साहेब आल्यावर या. शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला, पोच घेतली. पोच मात्र घ्याच. ती मिळवायला मला चाळीस मिनिटं उभं राहावं लागलं.

घरी आबा म्हणाले, "लोकस्ले शिकाडस अन् सोता फसना!" यावर काय बोलणार.

विंडोजवाल्यांनी हसू नये. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये यूझर नेमचा कॉलम बघा, नसेल तर जोडा. सेशन ० मध्ये सर्व्हिस चालतात, माणसं नाहीत. एकाच एसव्हीसीहोस्टच्या, म्हणजे सर्व्हिस चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमच्या, पोटात कोणत्या सर्व्हिस आहेत ते टास्कलिस्टला एसव्हीसी जोडलं की दिसतं. आणि लिनक्सवर देखभालीच्या माणसाला रूटचा पासवर्ड देऊन टाकू नका, त्याच्या नावाने वेगळं खातं द्या, सुडो द्या, म्हणजे स्वतःच्या खात्यातून रूटची कामं करायची परवानगी. लॉगिन यूआयडी (loginuid) नावाची एक नोंद प्रोसेससोबत राहते. तो नंतर रूट झाला तरी ती मूळ माणसाचीच राहते. तिथे ४२९४९६७२९५ असा अगडबंब आकडा दिसला तर घाबरू नका, त्याचा अर्थ कोणी लॉगिन केलेलंच नाही. मी रूटचा पासवर्ड दिला होता, चिठ्ठीवर लिहून.

मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, "सर, रिन्यूअल जवळ आलंय, १२,०००."

चाळीसगावकडे एकांचा माझ्यासारखाच क्लास आहे, त्यांच्याकडेही हाच जातो. लाज गिळून त्यांना फोन केला. त्यांचाही सर्व्हर तापत होता, त्यांनाही रॅम घ्यायला लावली होती. म्हटलं, टॉप लावा, वरची ओळ वाचा.

"सिस्टिमडी अधिक."

म्हटलं, आता मी सांगतो तसा कॉलम रुंद करा आणि आयडी वाचा. बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग ते म्हणाले, "एक हजार तीन. मारू का?"

"नाही भो. आधी फोटो काढा."