बॉर्डरवरची साखर: ॲप, सेन्सर की साधा मेसेज?

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 5.7 ते 6.4 टक्क्यांत आला की डॉक्टर सांगतात, "बॉर्डरवर आहे, जेवण सांभाळा." माझा 6.1 आला होता. सांगलीत राहून जेवण सांभाळायचं म्हणजे संध्याकाळच्या भडंगाला हात आखडता घ्यायचा. त्यात मोबाइलची कुठली मदत घ्यावी, असं आता ओळखीतले बरेच जण विचारतात.

बहुतेक जण आधी जेवण नोंदवायचं ॲप घेतात, कारण ते फुकट मिळतं. त्यात 'एक भाकरी' लिहिली की ते स्वतःच्या हिशेबाने कॅलरी दाखवतं. आपल्या घरची भाकरी त्याच्या दीडपट असली तरी त्याला कळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात भाकरी काट्यावर ठेवून पाहा, आमटीची वाटी मापून घ्या. शेंगदाण्याचं कूट आणि फोडणीचं तेल नेमकं लिहायचं राहतं, ते स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारूनच लिहा. वजन उतरवायचं असेल तर ॲपच घ्या. मात्र रोज लिहायचा कंटाळा येतो. माझं पाच आठवड्यांत सुटलं.

दंडावर चिकटवायचा, साखर दिवसरात्र मोजत राहणारा सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो आणि काही हजार रुपये घेतो. पण तो जे दाखवतो ते दुसरं कुणी दाखवत नाही. नुसत्या चुरमुऱ्यांनी माझी साखर झपकन वर गेली. शाळूची भाकरी मटकीच्या उसळीबरोबर खाल्ली तेव्हा चढ बराच सौम्य होता. तुमचा आलेख वेगळा येईल, म्हणून तर तो बघायचा. एक धोका सांगतो: तेलामुळे साखर हळू चढते, त्यामुळे तळलेलं खाऊनही रेघ सपाट दिसू शकते. सपाट रेघ म्हणजे चांगलं जेवण नव्हे. पैसे जास्त वाटत असतील तर ग्लुकोमीटर घ्या, पहिल्या घासाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी बोट टोचा. ठरावीक चार-पाच जेवणांपुरतं तेवढं पुरतं.

मेसेजला लोक कमी लेखतात, आणि भारतातला भक्कम पुरावा मात्र त्याच्याच बाजूने आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातल्या अभ्यासात बॉर्डरवरचे 537 नोकरदार पुरुष होते. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच मिळाला. निम्म्यांना त्यापुढे मोबाइलवर त्याच सल्ल्याची आठवण करून देणारे मेसेज जात राहिले. दोन वर्षांत मेसेजवाल्यांपैकी 18 टक्क्यांना मधुमेह झाला, उरलेल्यांपैकी 27 टक्क्यांना. आहाराचं पथ्यही मेसेजवाल्यांनी जास्त पाळलं. बायका त्यात नव्हत्या, हे लक्षात असू द्या.

कशाने साखर चढते हेच कळत नसेल तर एकदाच सेन्सर. कळतंय पण पाळलं जात नसेल तर मेसेज, किंवा घरातल्या कुणाला तरी रोज ताटाचा फोटो पाठवा. मी सध्या मुलीला पाठवतो. आणि सेन्सर लावणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, घरात द्राक्षांची पेटी आलेली असताना.